डेटाबेस जोडणी : पलीकडचा सर्व्हर खरा आहे ना, हे तपासण्याची रीत

अंधेरी पूर्वेच्या एमआयडीसीतील एका गाळ्यात हिशेबाचे सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या एका छोट्या कंपनीने काही काळापूर्वी मला आपल्या डेटाबेसची सुरक्षा तपासण्यासाठी बोलावले होते. त्यांचा पोस्टग्रेसक्यूएल (एक डेटाबेस प्रणाली) सर्व्हर क्लाउडच्या मुंबई विभागात होता, त्याला सर्टिफिकेट, म्हणजे ओळख पटवणारे डिजिटल प्रमाणपत्र, लावलेले होते आणि सर्व्हरच्या बाजूने पाहिल्यास प्रत्येक जोडणीपुढे टीएलएसची, म्हणजे संभाषण एन्क्रिप्ट (सांकेतिक रूपात बंद) करणाऱ्या पद्धतीची, आवृत्तीही दिसत होती. त्यामुळे ‘आमचे एसएसएल चालू आहे’ (एसएसएल हे टीएलएसचे जुने नाव) हे त्यांचे उत्तर खोटे नव्हते. त्यानंतर मी त्यांच्याच एका चाचणीच्या लॅपटॉपवर सर्टिफिकेट नसलेला साधा पोस्टग्रेसक्यूएल सर्व्हर बसवला, पासवर्ड उघड्या स्वरूपात मागण्याची सेटिंग त्यात केली, हॉस्ट्स फाइलमध्ये (कोणत्या नावाचा पत्ता कोणता, हे यंत्राला सांगणाऱ्या फाइलमध्ये) खऱ्या सर्व्हरचे नाव त्या लॅपटॉपच्याच पत्त्याला जोडले आणि त्यांचा प्रोग्राम सुरू केला. प्रोग्रामने कोणतीही तक्रार न करता या तोतया सर्व्हरशी बोलणे सुरू केले आणि पासवर्ड जसाच्या तसा त्याच्या हाती दिला.

तोतया हा शब्द मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या नावाने उभा राहिलेला तोतया पेशवाईला सतावत राहिला तो ओळख कशावरून पटवायची याच प्रश्नामुळे. डेटाबेसच्या जोडणीत हा प्रश्न क्लायंटने, म्हणजे सर्व्हरशी जोडणाऱ्या प्रोग्रामने, विचारावयाचा असतो, आणि बहुतेक क्लायंट मूळ सेटिंगवर ठेवले तर तो विचारतच नाहीत. तो कसा विचारायला लावावा, हा या लेखाचा विषय आहे. विवेचन मुख्यतः पोस्टग्रेसक्यूएल आणि मायएसक्यूएल या दोन डेटाबेस प्रणालींपुरते आहे. आज्ञा व सेटिंगांची नावे येथे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीतच टाइप करावयाची आहेत.

दोष नेमका कोठे आहे

पोस्टग्रेसक्यूएलचा क्लायंट ५४३२ क्रमांकाच्या पोर्टवर जोडणी उघडतो, तेव्हा रूढ पद्धतीत तो सर्वप्रथम आठ बाइटांचा एक लहानसा निरोप पाठवतो. ‘एन्क्रिप्शन करू या का?’ एवढाच त्याचा अर्थ असतो. सर्व्हर त्याला एका अक्षराने उत्तर देतो : ‘एस’ म्हणजे होकार आणि ‘एन’ म्हणजे नकार. हा सवालजवाब एन्क्रिप्शन सुरू होण्यापूर्वी, म्हणजे पूर्णपणे उघड्यावर होत असल्यामुळे, वाटेत बसलेल्या कोणालाही खऱ्या सर्व्हरचा ‘एस’ अडवून त्या जागी ‘एन’ ठेवता येतो. क्लायंटची मूळ सेटिंग ‘प्रिफर’ असते. जमल्यास एन्क्रिप्शन कर, न जमल्यास तसाच पुढे जा, असा तिचा अर्थ असल्याने क्लायंट तो नकार निमूटपणे स्वीकारतो आणि पुढचे सारे संभाषण उघडे होते.

मायएसक्यूएलमध्ये ३३०६ पोर्टवर पहिल्यांदा सर्व्हर बोलतो. आपल्याला काय काय येते याची नोंद असलेले स्वागताचे पाकीट तो पाठवतो, त्यातील एक बिट एसएसएलसाठी राखलेला असतो, आणि हे पाकीटही उघडेच असते. तो एक बिट शून्य केला की ‘प्रिफर्ड’ सेटिंगवरचा क्लायंट या सर्व्हरला एन्क्रिप्शन येतच नाही असे समजतो. एप्रिल २०१५ मध्ये ‘बॅकरोनिम’ या नावाने उघड झालेला दोष, म्हणजे सीव्हीई-२०१५-३१५२ (सीव्हीई हा जाहीर झालेल्या सुरक्षा-दोषाचा नोंदणी क्रमांक), हाच होता. वापरणाऱ्याने एसएसएलचा पर्याय स्वतः लिहूनही मायएसक्यूएलचा क्लायंट त्याला सक्ती न मानता सूचना मानत असे. त्यानंतर मायएसक्यूएलच्या ५.७.११ आवृत्तीपासून एसएसएल-मोड हा स्पष्ट पर्याय मिळाला. पण ५.५ आणि ५.६ या जुन्या शाखांमध्ये केलेली दुरुस्ती अर्धवट निघाली, कारण एन्क्रिप्शन झाले आहे की नाही हे क्लायंट ओळखपरेड उरकल्यावर तपासत होता. तो दोष २०१७ मध्ये ‘रिडल’ या नावाने, सीव्हीई-२०१७-३३०५ म्हणून नोंदवला गेला. घर लुटून झाल्यावर कडी लावण्यासारखाच तो प्रकार होता.

वाटेत बसलेला माणूस म्हणजे कोणी दूरदेशीचा हॅकर असावा लागत नाही. लोअर परळच्या सामायिक कार्यालयातील वाय-फायवर शेजारच्या टेबलाशी बसलेला कोणीही, कारखान्यातून आलेला पासवर्ड अजून न बदललेला राउटर, किंवा नावाचा पत्ता चुकीचा सांगणारा डीएनएस, यांपैकी काहीही त्या जागी असू शकते. प्रोग्राम आणि डेटाबेस एकाच क्लाउडच्या खासगी नेटवर्कमध्ये असतील तर धोका बराच कमी असतो, हे मान्य करावयास हवे. परंतु त्याच डेटाबेसला कोणीतरी डोंबिवलीच्या घरातून किंवा दादरच्या एखाद्या कॅफेमधून लॅपटॉपवरून जोडत असतो, आणि दोष त्या जोडणीत असतो.

तोतया सर्व्हर क्लायंटकडून काय काय उकळू शकतो, हेही नीट समजून घ्यावे. पासवर्ड हे त्यातील सर्वांत उघड उत्तर झाले. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये पासवर्ड कोणत्या रीतीने द्यावयाचा हे सर्व्हर सांगतो आणि क्लायंट ऐकतो. खऱ्या सर्व्हरवर स्क्रॅम ही, पासवर्ड प्रत्यक्ष न पाठवता ओळख पटवणारी, भक्कम पद्धत असली तरी तोतयाने साधा पासवर्ड मागितल्यास सामान्य क्लायंट तो देऊन टाकतो. मायएसक्यूएलमध्ये ‘लोड डेटा लोकल’ ही सोय सुरू असेल तर सर्व्हर क्लायंटच्या यंत्रावरील फाइल मागू शकतो. कोणती फाइल पाठवावयाची हे नाव सर्व्हरकडून येत असल्यामुळे तोतयाला मूळ आज्ञेत नसलेली फाइलही मागता येते. ८.० आवृत्तीपासून ही सोय मुळातच बंद असते. जुन्या स्क्रिप्टमध्ये लोकल-इनफाइल कोठे सुरू ठेवले आहे का, ते मात्र शोधावे लागते.

‘रिक्वायर’ पुरेसे का नाही

पोस्टग्रेसक्यूएलच्या एसएसएलमोड या सेटिंगला सहा मूल्ये आहेत : डिसेबल, अलाउ, प्रिफर, रिक्वायर, व्हेरिफाय-सीए आणि व्हेरिफाय-फुल. पहिल्या तिघांचा विचार करण्यात अर्थ नाही, कारण त्यांतील एकही मूल्य एन्क्रिप्शनचा आग्रह धरत नाही. गोंधळ होतो तो रिक्वायरविषयी. नकार आल्यास रिक्वायर जोडणी तोडते, पण होकार आल्यावर समोरच्याने दाखवलेले सर्टिफिकेट कोणाचे आहे हे ती विचारत नाही. तोतयाने ‘एस’ म्हणून स्वतःच घडवलेले सर्टिफिकेट पुढे केले की एन्क्रिप्शन व्यवस्थित सुरू होते, फक्त ते तोतयाशी सुरू झालेले असते. याला एक अपवाद आहे : वापरणाऱ्याच्या पोस्टग्रेसक्यूएल फोल्डरात मूळ सर्टिफिकेटची फाइल आधीपासून पडलेली असेल तर रिक्वायर ही व्हेरिफाय-सीएप्रमाणे वागते. त्यामुळे एकाच कार्यालयातील दोन लॅपटॉप तीच कनेक्शन स्ट्रिंग (जोडणीचा पत्ता व पर्याय लिहिलेली ओळ) वापरून वेगळे वागतात आणि शोधणाऱ्याचा अख्खा दिवस जातो.

झवेरी बाजारात आंगडियाकडे, म्हणजे मौल्यवान माल पोहोचवणाऱ्याकडे, दिलेली पिशवी सीलबंद असतेच. तरीही ती हाती देण्यापूर्वी समोरच्याने दाखवलेल्या नोटेचा नंबर जुळवून घेण्याची जुनी पद्धत आहे, कारण पिशवी योग्य माणसाच्या हाती जात आहे की नाही हे सील सांगत नाही. रिक्वायर म्हणजे नुसते सील. व्हेरिफाय-सीएमध्ये सर्टिफिकेटवर आपण मानत असलेल्या संस्थेची सही आहे का हे पाहिले जाते. पण क्लाउडवरील व्यवस्थापित डेटाबेस घेतल्यास त्याच क्लाउडच्या इतर कोणत्याही ग्राहकाच्या डेटाबेसवरही त्याच संस्थेची सही असते. ज्या यंत्राशी जोडावयाचे त्याचेच नाव सर्टिफिकेटवर आहे का, हे केवळ व्हेरिफाय-फुलमध्ये तपासले जाते. मायएसक्यूएलमध्ये याच अर्थाची पाच मूल्ये आहेत आणि त्यांतील शेवटचे व्हेरिफाय-आयडेंटिटी हे आपल्याला हवे. सही करणारी संस्था पूर्णपणे आपल्या मालकीची असून तिने एकाच सर्व्हरला सर्टिफिकेट दिले असेल तर व्हेरिफाय-सीएने भागते. त्याखाली उतरण्याचे समर्थन मला आजवर कोणत्याही कामात सापडलेले नाही.

कामाची सुरुवात : कोण कोण जोडतो

पहिले काम तांत्रिक नाही. डेटाबेसशी जोडणारे सर्व क्लायंट कागदावर उतरवून काढावेत. मुख्य प्रोग्राम सर्वांनाच आठवतो. रात्री दोन वाजता अहवाल तयार करणारी क्रॉनची (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) स्क्रिप्ट, विकसकांच्या लॅपटॉपवरील डेटाबेस हाताळण्याची साधने डीबीव्हर आणि पीजीअ‍ॅडमिन, हिशेबनिसाच्या एक्सेलमध्ये ओडीबीसी या जोडणीच्या सोयीमार्गे केलेली जोडणी, आणि कधीकाळी काम सोडून गेलेल्या कंत्राटदाराने दुसऱ्या सर्व्हरवर ठेवलेला सिंक करणारा प्रोग्राम, हे मात्र कोणालाच आठवत नाहीत. त्यातही बॅकअपची स्क्रिप्ट सर्वांत धोकादायक असते, कारण प्रोग्राम एका वेळी चार ओळी मागतो, तर बॅकअप संपूर्ण डेटाबेस त्या तारेवरून नेतो, आणि तिचा पासवर्ड बहुधा सर्वाधिकार असलेल्या खात्याचा असतो. यादी करताना बॅकअपपासून सुरुवात करावी, असा माझा आग्रह असतो.

स्मरणशक्तीवर विसंबू नये म्हणून सर्व्हरलाच विचारावे. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये पीजी-स्टॅट-अ‍ॅक्टिव्हिटी आणि पीजी-स्टॅट-एसएसएल ही दोन दृश्ये प्रक्रियेच्या क्रमांकावर जोडली असता कोणत्या पत्त्यावरून, कोणत्या नावाने कोण जोडले आहे आणि ती जोडणी एन्क्रिप्टेड आहे का, हे एका तक्त्यात दिसते. मायएसक्यूएलमध्ये सिस स्कीमातील सेशन-एसएसएल-स्टेटस हे दृश्य साधारण हेच काम करते. हा प्रश्न एकदाच विचारून थांबू नये. मध्यरात्रीच्या स्क्रिप्ट आणि महिनाअखेरचे अहवाल त्यात सापडावेत म्हणून किमान एक महिना दर काही मिनिटांनी त्याची नोंद घेत राहावी.

या तक्त्याची मर्यादा मात्र लक्षात ठेवावी. जोडणी एन्क्रिप्टेड आहे का, हे सर्व्हर सांगू शकतो. क्लायंटने आपले सर्टिफिकेट तपासले का, हे सर्व्हरला कळण्याचा मार्गच नाही, कारण ती तपासणी क्लायंटच्या यंत्रात, क्लायंटच्या मर्जीने होते. अंधेरीच्या त्या कंपनीचा तक्ता सर्वत्र हिरवा होता तो याच कारणाने. म्हणून यादीतील प्रत्येक क्लायंटची सेटिंग प्रत्यक्ष उघडून वाचण्याला पर्याय नाही.

सर्टिफिकेटची तयारी

व्यवस्थापित क्लाउड डेटाबेस असेल तर त्या कंपनीने प्रसिद्ध केलेला मूळ सर्टिफिकेटांचा गठ्ठा तिच्या अधिकृत दस्तऐवजाच्या पानावरून उतरवून घ्यावा. सहकाऱ्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली फाइल वापरू नये. विश्वासाचा पायाच ज्या फाइलवर उभा राहणार ती अशा वाटेने येऊ देणे म्हणजे सगळा खटाटोप वाया घालवणे होय.

स्वतःच्या सर्व्हरवर डेटाबेस असेल तर आधी तेथे आज काय बसले आहे ते पाहावे. उबंटू किंवा डेबियनवर पोस्टग्रेसक्यूएल बसवल्यास त्याला ‘स्नेकऑइल’ नावाचे स्वयंघोषित सर्टिफिकेट मिळते. मायएसक्यूएल पहिल्यांदा सुरू होताना स्वतःच सर्टिफिकेट तयार करतो, पण त्यावर यंत्राचे नाव नसल्यामुळे व्हेरिफाय-आयडेंटिटी त्याच्याशी कधीच जुळत नाही. दोन्ही ठिकाणी उपाय एकच आहे : ओपनएसएसएलच्या साहाय्याने आपली स्वतःची छोटी प्रमाणन संस्था उभी करावी, तिची खासगी किल्ली डेटाबेस सर्व्हरवर न ठेवता वेगळ्या, शक्यतो नेटवर्कबाहेरच्या जागी ठेवावी आणि सर्व्हरसाठी सर्टिफिकेट काढताना सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम या रकान्यात क्लायंट ज्या ज्या नावाने जोडतात ती सर्व नावे लिहावीत. क्लायंट आयपी पत्त्याने जोडत असतील तर तो पत्ताही आयपी म्हणून याच रकान्यात नोंदवावा लागेल. त्यापेक्षा नावाने जोडण्याची सवय लावणे सोपे पडते. नवे सर्टिफिकेट बसवण्यासाठी सर्व्हर बंद करण्याची गरज नसते. पोस्टग्रेसक्यूएल १० पासून नुसते कॉन्फिगरेशन पुन्हा वाचायला लावले तरी पुरते, आणि मायएसक्यूएल ८.०.१६ पासून ‘ऑल्टर इन्स्टन्स रीलोड टीएलएस’ ही आज्ञा आहे.

कनेक्शन स्ट्रिंगमधील तण

आता प्रत्येक क्लायंटची स्ट्रिंग बदलावयाची आहे, परंतु त्याआधी कोडच्या संपूर्ण साठ्यात काही ठरावीक शब्द शोधावेत. हे शब्द कोणी विचार करून लिहिलेले नसतात. कधीतरी चूक दाखवणारा संदेश बंद व्हावा म्हणून इंटरनेटवरून उचलून चिकटवलेले असतात आणि मग एका प्रकल्पातून दुसऱ्यात जात राहतात. जावामध्ये ‘यूज-एसएसएल बरोबर फॉल्स’ आणि त्याच्या शेजारी ‘अलाउ-पब्लिक-की-रिट्रिव्हल बरोबर ट्रू’ ही जोडगोळी सर्वाधिक आढळते. पहिल्याने एन्क्रिप्शन जाते. दुसऱ्याचा परिणाम अधिक वाईट आहे : मायएसक्यूएल ८.० च्या मूळ ओळखपद्धतीत, एन्क्रिप्शन नसताना, पासवर्ड सर्व्हरच्या सार्वजनिक किल्लीने गुंडाळून पाठवता येतो, आणि ही किल्ली समोरच्याकडूनच मागून घेण्याची परवानगी हा पर्याय देतो. तोतया अर्थातच स्वतःची किल्ली देतो आणि गुंडाळलेला पासवर्ड आरामात उलगडतो.

नोडमध्ये ‘रिजेक्ट-अनऑथराइज्ड : फॉल्स’ शोधावे, गो भाषेत ‘टीएलएस बरोबर स्किप-व्हेरिफाय’ आणि ‘प्रिफर्ड’, पोस्टग्रेसक्यूएलच्या जावा ड्रायव्हरसाठी ‘नॉन-व्हॅलिडेटिंग-फॅक्टरी’, आणि कोणी मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर वापरत असेल तर ‘ट्रस्ट-सर्व्हर-सर्टिफिकेट बरोबर ट्रू’. शेवटच्या पर्यायाचे नाव ऐकून तो सुरक्षेसाठीच असावा असे वाटते. प्रत्यक्षात सर्टिफिकेट न तपासता मान्य कर, असा त्याचा अर्थ आहे. मायक्रोसॉफ्टच्या नव्या ड्रायव्हरांनी एन्क्रिप्शन मुळातच सुरू ठेवायला लागल्यापासून हा शब्द अनेक स्ट्रिंगांमध्ये घुसला, कारण त्यामुळे येणारी चूक त्याने ‘सुटते’.

हे तण उपटल्यावर योग्य मूल्ये लिहावीत. पोस्टग्रेसक्यूएलच्या लिबपीक्यू या क्लायंट लायब्ररीवर चालणाऱ्या सर्व साधनांसाठी, म्हणजे पीएसक्यूएल, पीजी-डम्प आणि पायथॉनमधील सायकोपीजी यांच्यासाठी, एसएसएलमोड व्हेरिफाय-फुल ठेवून एसएसएलरूटसर्ट या पर्यायात मूळ सर्टिफिकेटच्या फाइलचा मार्ग द्यावा. पीजीएसएसएलमोड आणि पीजीएसएसएलरूटसर्ट ही एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल एकदा लावली की बॅकअपच्या जुन्या स्क्रिप्ट न उघडताही सुधारतात, फक्त स्क्रिप्टमध्ये आधीच वेगळे मूल्य लिहिलेले नसावे. जावाचा ड्रायव्हर ती वाचत नाही. तेथे स्ट्रिंगमध्येच लिहावे लागते. पोस्टग्रेसक्यूएल १६ पासून एसएसएलरूटसर्टचे मूल्य ‘सिस्टीम’ असे देता येते. मग यंत्रावरील सर्वमान्य संस्थांची यादी वापरली जाते, आणि अशा वेळी व्हेरिफाय-फुलपेक्षा कमी काही चालवून घेतले जात नाही. त्याच आवृत्तीतील रिक्वायर-ऑथ हा पर्याय स्क्रॅमवर ठेवला, तर तोतयाने उघडा पासवर्ड मागितल्यास क्लायंट नकार देतो. ज्यांना शक्य आहे त्यांनी तो अवश्य लावावा.

मायएसक्यूएलच्या साधनांसाठी एसएसएल-मोड व्हेरिफाय-आयडेंटिटी आणि एसएसएल-सीए ही दोन मूल्ये ऑप्शन फाइलच्या क्लायंट या गटात ठेवली की मायएसक्यूएल आणि मायएसक्यूएलडम्प दोघेही ती पाळतात. येथे एक खड्डा आहे. डेबियनवर मायएसक्यूएलचा क्लायंट म्हणून जे बसते ते वस्तुतः मायएसक्यूएलमधूनच निघालेल्या मारियाडीबीचे असते, आणि त्याला एसएसएल-मोड हा पर्याय ठाऊकच नाही. त्याच्यासाठी एसएसएल-व्हेरिफाय-सर्व्हर-सर्ट लिहावे लागते. मारियाडीबीने ११.४ आवृत्तीपासून ही तपासणी मुळातच सुरू ठेवली आहे. इतरांनीही हा कित्ता फार आधी गिरवावयास हवा होता, असे माझे मत आहे.

एसएसएच टनेल (दुसऱ्या यंत्रापर्यंत काढलेली सुरक्षित वाट) वापरणाऱ्यांना एक अडचण हमखास येते. टनेलमुळे क्लायंट लोकलहोस्टशी, म्हणजे आपल्याच यंत्राशी, जोडतो, सर्टिफिकेटवर नाव खऱ्या सर्व्हरचे असते, ती जुळत नाहीत, आणि मग माणूस वैतागून रिक्वायरवर उतरतो. लिबपीक्यूमध्ये यावर सरळ उपाय आहे : होस्ट या पर्यायात खऱ्या सर्व्हरचे नाव आणि होस्टअ‍ॅडरमध्ये १२७.०.०.१ लिहावे. जोडणी दुसऱ्या पत्त्यावर होते आणि नावाची तपासणी पहिल्यावरून होते. मध्ये पीजीबाउन्सर (जोडण्या एकत्र हाताळणारा मध्यस्थ प्रोग्राम) असेल तर क्लायंट ते पीजीबाउन्सर आणि पीजीबाउन्सर ते सर्व्हर या दोन वेगळ्या जोडण्या असून दोघींच्या सेटिंगही वेगळ्या आहेत. पहिली बांधून दुसरी मोकळी सोडलेली मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिली आहे.

जोडणी तुटते का, ते पाहावे

सेटिंग बदलल्यावर प्रोग्राम चालला की काम झाले असे समजण्याची चूक करू नये. प्रोग्राम तर आधीही चालत होता. जेथे जोडणी होता कामा नये तेथे ती होत नाही, हे प्रत्येक क्लायंटच्या बाबतीत वेगळे सिद्ध करावे लागते. यासाठी चाचणीचे खाते आणि निरुपयोगी पासवर्ड वापरावा आणि सर्व प्रयोग आपल्याच यंत्रावर करावेत.

प्रथम नावाऐवजी आयपी पत्ता देऊन जोडून पाहावे. सर्टिफिकेटवरील नाव आणि होस्टचे नाव जुळत नाही, अशा आशयाचा संदेश यावयास हवा. जोडणी झाली तर क्लायंट व्हेरिफाय-फुलवर नाही, किंवा तो पत्ता सर्टिफिकेटवरच नोंदवलेला आहे. मग मूळ सर्टिफिकेटच्या जागी भलत्याच संस्थेची फाइल ठेवून पाहावे. शेवटचा प्रयोग सुरुवातीला सांगितलेलाच आहे : हॉस्ट्स फाइलमध्ये खऱ्या सर्व्हरचे नाव १२७.०.०.१ ला जोडावे आणि तेथे एसएसएल बंद असलेला, उघडा पासवर्ड मागणारा सर्व्हर चालू ठेवावा. सुधारलेला क्लायंट, सर्व्हरला एसएसएल येत नाही असे म्हणून, पासवर्ड देण्यापूर्वीच थांबतो. स्थानिक सर्व्हरच्या नोंदवहीत पासवर्ड मागितल्याची किंवा ओळख पटल्याची कोणतीही खूण दिसता कामा नये. प्रयोग संपल्यावर हॉस्ट्स फाइलमधील ओळ आठवणीने काढावी, अन्यथा दुसऱ्या दिवशी सकाळी खरा डेटाबेस ‘बंद पडला’ म्हणून फोन येतो.

सेटिंग बरोबर असूनही क्लायंटची लायब्ररी जुनी असेल तर भिंतीला भोक राहते. पोस्टग्रेसक्यूएलमधील सीव्हीई-२०२१-२३२२२ या दोषात क्लायंट पूर्ण पडताळणी करीत असतानाही, एन्क्रिप्शनपूर्वी वाटेत घुसवलेले बाइट तो नंतर खऱ्या सर्व्हरचे उत्तर म्हणून वाचत असे. त्यामुळे पहिल्या काही प्रश्नांची खोटी उत्तरे त्याच्या गळी उतरवता येत. नोव्हेंबर २०२१ मध्ये १४.१, १३.५, १२.९ आणि जुन्या शाखांच्या समकालीन आवृत्त्यांत तो दुरुस्त झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये, न पडताळलेल्या सर्व्हरने पाठवलेला चूक दाखवणारा संदेश क्लायंट प्रोग्रामपर्यंत जसाच्या तसा पोहोचवतो, हा सीव्हीई-२०२४-१०९७७ दोष १७.१, १६.५ आणि त्या वेळच्या इतर आवृत्त्यांत बुजवला गेला. सर्व्हर अद्ययावत केला म्हणजे हे दोष जात नाहीत. लॅपटॉपवरची आणि कंटेनरमधली लिबपीक्यू बदलावी लागते, आणि विसरली जाते ती नेमकी हीच.

सर्व्हरची बाजू आणि पुढची देखभाल

सर्व क्लायंट सुधारल्यावरच सर्व्हरवर सक्ती करावी. आधी केल्यास कोठलीतरी विसरलेली स्क्रिप्ट ऐन वेळी बंद पडते. पोस्टग्रेसक्यूएलच्या पीजी-एचबीए फाइलमध्ये ‘होस्ट’ ही ओळ एन्क्रिप्टेड आणि उघड्या अशा दोन्ही प्रकारच्या जोडण्या स्वीकारते, म्हणून तिच्या जागी ‘होस्टएसएसएल’ लिहावे आणि ओळखपद्धत स्क्रॅम ठेवावी. मायएसक्यूएलमध्ये रिक्वायर-सिक्युअर-ट्रान्सपोर्ट सुरू करावे. या सक्तीने काय साधते आणि काय साधत नाही, हे स्पष्ट असावे. निष्काळजी क्लायंट त्यामुळे खऱ्या सर्व्हरशी उघड्यावर बोलू शकत नाही. परंतु वाटेतला तोतया क्लायंटशी उघडे आणि खऱ्या सर्व्हरशी नीट एन्क्रिप्ट करून बोलू शकतो. सर्व्हरला त्यात काहीच वावगे दिसत नाही.

सक्ती झाल्यानंतर यादीतील सर्व खात्यांचे पासवर्ड बदलावेत. ही पायरी आधी घेतल्यास नवा पासवर्डही जुन्याच उघड्या वाटेने जातो. चॅनल-बाइंडिंग रिक्वायर हा पर्याय पोस्टग्रेसक्यूएल १३ पासून उपलब्ध आहे आणि स्क्रॅमची ओळख त्याच टीएलएस जोडणीशी बांधतो; जावाचा ड्रायव्हर वापरणाऱ्यांनी ४२.७.७ किंवा त्यापुढील आवृत्ती घ्यावी, कारण २०२५ मध्ये उघड झालेल्या सीव्हीई-२०२५-४९१४६ नुसार आधीच्या काही आवृत्त्या ही सक्ती पाळत नव्हत्या.

तपासणीत कोणी खरोखरच मध्ये बसल्याचा पुरावा मिळाला तर तो विषय कार्यालयापुरता राहत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि नोंदवह्या १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

राहता राहिली मुदत. व्हेरिफाय-फुल लावलेला क्लायंट सर्टिफिकेटची मुदत संपली की त्या क्षणापासून नवी जोडणी करू शकत नाही, आणि मुंबईतील हिशेबाच्या धंद्यात तो क्षण बहुधा २० तारखेच्या आसपास, जीएसटीचे ३बी विवरणपत्र भरण्याच्या गर्दीत येतो. ऑगस्ट २०२४ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या आरडीएस या व्यवस्थापित डेटाबेस सेवेचे २०१९ सालचे मूळ सर्टिफिकेट संपले, तेव्हा क्लायंटमध्ये केवळ तेच एक बसवून विसरलेल्यांना नव्या सर्टिफिकेटकडे गेलेल्या सर्व्हरशी जोडता येत नव्हते. अशा रात्री कोणीतरी ‘तात्पुरते’ म्हणून पडताळणी काढून टाकतो आणि ती पुन्हा कधीच लागत नाही. यासाठी क्लायंटकडे जुने व नवे दोन्ही मूळ सर्टिफिकेट असलेला गठ्ठा ठेवावा, तो सर्व क्लायंटांवर पोहोचल्याची खात्री झाल्यावरच सर्व्हरचे सर्टिफिकेट बदलावे, मुदतीच्या ६० आणि ३० दिवस आधी सूचना येईल अशी व्यवस्था करावी आणि ती सूचना एका माणसाच्या ईमेलवर न सोडता कार्यालयाच्या सामायिक पत्त्यावर पाठवावी.